पुढून येणारी खडखड परत परत का येते: टाय रॉड एंड तपासणं आणि घरी बदलणं

पावसाळा ओसरला की पुण्यातल्या गॅरेजांत एकच तक्रार रांग लावून येते. पुढून खडखड वाजतंय, स्टिअरिंग ढिलं लागतंय, आणि मागच्याच वर्षी टाय रॉड एंड बदललेत. अशा बऱ्याच गाड्यांत बदललेला एंड मुळात खराब नसतो. उरलेल्यांत तो खराब असतो, पण नवा नीट बसवलेला नसतो. हा भाग काही शेकड्यांत मिळतो आणि तासाभरात बदलता येतो, म्हणून आवाज आला की पहिली कुऱ्हाड त्याच्यावरच पडते. आवाजावरून भाग बदलू नका. बोटाला ढिलेपणा लागला किंवा एंडचं रबर फाटलेलं दिसलं तरच बदला.

खाली लिहिलेलं सगळं स्विफ्ट, वॅगन आर, आय-१०, आय-२०, टियागो अशा रॅक-पिनियन स्टिअरिंगच्या छोट्या गाड्यांसाठी आहे. जिप्सी किंवा जुन्या जीपची जोडणी वेगळी असते, तिला हे जसंच्या तसं लागू पडत नाही.

लक्षणं

स्टिअरिंग रॅकच्या दोन्ही टोकांना एकेक दांडा असतो, तो टाय रॉड. रॅकच्या बाजूला, रबरी भात्याच्या आत, रॅक एंड असतो. चाकाच्या बाजूला टाय रॉड एंड, म्हणजे नॅकलमध्ये (चाकाला धरून वळवणाऱ्या भागात) बसणारा छोटा बॉल जॉइंट. हा झिजला की अशी लक्षणं दिसतात:

- गाडी उभी असताना किंवा अगदी हळू चालताना स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवलं की टक-टक असा कोरडा आवाज येतो आणि तो बऱ्याचदा हातालाही जाणवतो.
- सरळ रस्त्यावर गाडी किंचित भरकटते, सारखी सावरावी लागते.
- पुढच्या टायरची एक कड लवकर झिजते. टायरवर हात आडवा फिरवला तर एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने खरखरीत लागतो.
- एंडचं रबर फाटलेलं असतं आणि भोवती काळं, मातीने माखलेलं ग्रीस दिसतं.

यांच्याशी हमखास गल्लत होणारे आवाज वेगळे आहेत. पेव्हर ब्लॉक किंवा बुजवलेल्या खड्ड्यांच्या ओळीवरून २०-३० च्या वेगाने जाताना खडखड येते, पण दोन्ही चाकं एकदम स्पीड ब्रेकरवर चढवली की ती जवळजवळ गायब होते, तर संशय स्टॅबिलायझरच्या लिंक रॉडवर घ्या. दोन्ही चाकं एकत्र वर-खाली झाली की स्टॅबिलायझर बारला पीळ पडत नाही, म्हणून लिंक रॉड गप्प बसतो. एंड बदलूनही आवाज न गेलेल्या गाड्यांत सर्वात जास्त वेळा हाच सापडतो. जागेवर स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग सुटल्यासारखं ‘टुंग’ झालं तर स्ट्रट माउंट. पूर्ण वळवून गाडी चालवताना कट-कट-कट, तर ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट. एक्स्प्रेसवेवर ८०च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं आणि शहरात काहीच नाही, तर आधी व्हील बॅलन्सिंग. ब्रेक दाबल्यावरच थरथरतं, तर डिस्क.

फुकटच्या तपासण्या

हवा तपासा, टायर थंड असताना. ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरवर आकडा असतो. एका चाकात पाच-सात पीएसआय कमी असले तरी गाडी त्या बाजूला ओढते, आणि ती ओढ स्टिअरिंगच्या ढिलेपणासारखी वाटते.

मग व्हील नट. पंक्चरवाल्याने स्टेपनी लावून दिल्यानंतर सुरू झालेली खडखड अनेकदा इथेच संपते. सैल नटाने आवाज येतो आणि चाकही जाऊ शकतं, म्हणून ही तपासणी कधीच टाळायची नाही.

तिसरी तपासणी सर्वात महत्त्वाची, आणि तिच्यासाठी जॅकसुद्धा लागत नाही. सपाट जागी गाडी उभी करा, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला ठेवा. इंजिन चालू करून एकाला स्टिअरिंगवर बसवा आणि मधल्या जागेपासून जेमतेम इंचभर डावी-उजवीकडे, झटक्याझटक्याने हलवायला सांगा. तुम्ही चाकामागे डोकवा आणि एक बोट एंडच्या सांध्यावर असं ठेवा की अर्धं दांड्यावर आणि अर्धं नॅकलवर येईल. इंजिन चालू ठेवायचं कारण असं की बंद इंजिनावर पॉवर स्टिअरिंग मदत करत नाही, हलवणारा जोर लावून दमतो आणि हालचाल सांध्यापर्यंत नीट पोचत नाही. हात चाक आणि बॉडी यांच्या मध्ये घालू नका, आणि हलवणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की ‘थांब’ म्हटलं की हात सोडायचा.

चांगल्या सांध्यात दांडा आणि नॅकल एकदमच हलतात. झिजलेल्यात दांडा आधी सरकतो, मग खट्ट होतं, मग नॅकल हलतो. तो मधला क्षण बोटाला स्पष्ट लागतो. गाडीचं वजन चाकावर असताना ही तपासणी करण्यात अर्थ आहे, कारण रस्त्यावर सांध्यावर असतो तसाच भार तेव्हा त्याच्यावर येतो. चाक उचलून हवेत केलेल्या तपासणीत अर्धवट झिजलेला सांधा कधी कधी चांगला ठरतो.

स्टिअरिंग तसंच हलवत असताना आता तेच बोट थोडं आत, रॅकच्या रबरी भात्यावर न्या. भाता हलकेच दाबून आतला सांधा चाचपा. ठोका तिथे लागला तर दोष रॅक एंडचा आहे, बाहेरचा एंड बदलून काहीही फरक पडणार नाही. एंड दोनदा बदलूनही आवाज राहिला अशी गाडी आली तर थेट इथूनच सुरुवात करावी.

स्टिअरिंग हलवताना दोन्ही एंड आणि दोन्ही रॅक एंड गप्प, पण पायाजवळच्या भागातून खट्ट येतोय, तर कॉलमखालचा युनिव्हर्सल जॉइंट पाहायचा. तो घरचा विषय नाही.

चाक उचलून

इथून पुढे जॅक लागतो. गाडीसोबत आलेला कात्री जॅक फक्त स्टेपनी बदलण्यासाठी असतो. त्यावर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये. जॅक स्टँड हवेतच, दोन टनांची जोडी छोट्या गाडीला पुरते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये काम करत असाल तर दोन गोष्टी पाहा. रॅम्पचा उतार नको, अगदी थोडासुद्धा. आणि खाली पेव्हर ब्लॉक असतील तर स्टँडच्या प्रत्येक पायाखाली वेगळा नको, सगळ्या बैठकीखाली मिळून १८-१९ मिलिमीटर जाडीच्या प्लायचा फूटभर तुकडा ठेवा. पावसात वाळू वाहून गेलेला ब्लॉक भाराखाली एका कोपऱ्यातून खचतो, आणि स्टँड तिरका व्हायला तेवढं पुरतं. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. चाक पूर्ण उचलण्याआधीच व्हील नट अर्धा फेरा सैल करून घ्या.

चाक हवेत आल्यावर घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवा. मग बारा आणि सहाच्या जागी. फक्त नऊ-तीनला हलतंय तर स्टिअरिंगचे सांधे. बारा-सहालाही हलतंय तर व्हील बेअरिंग किंवा लोअर आर्मचा बॉल जॉइंट. दोघांतला फरक कळायला कुणालातरी ब्रेक दाबून धरायला सांगा: ढिलेपणा नाहीसा झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट. बॉल जॉइंट निघाला तर एंडचा विचार बाजूला ठेवा आणि गाडी चालवू नका. तो सुटला की चाक सरळ आडवं पडतं.

एंडचं रबर फाटलंय पण सांधा अजून घट्ट आहे, तरीही बदलाच. आत गेलेलं पाणी आणि चिखल ग्रीससोबत मिसळून सांधा घासून काढतो. बाहेरून नवं रबर चढवून आतली घाण निघत नाही.

सामान

नवा एंड घेताना गाडीचं मॉडेल, वर्ष आणि शक्यतो चॅसी नंबर सोबत ठेवा. बऱ्याच गाड्यांत डावा आणि उजवा एंड वेगळ्या वाकाचा असतो. पुण्यातल्या नाना पेठेत एकाच गाडीसाठी अस्सल, चांगल्या कंपनीचा पर्यायी आणि नुसता ‘चालून जाईल’ असा, तिन्ही दर्जे एकाच काउंटरवर मिळतात. अस्सल म्हणजे मारुतीला मारुती जेन्युइन, ह्युंदाईला मोबिस. बिल घ्या, आणि काउंटर सोडण्याआधी डब्यातून काढून स्टड, म्हणजे एंडमधून बाहेर आलेली निमुळती दांडी, हाताने हलवून पाहा. नवा स्टड चांगला कडक हलला पाहिजे. बोटाने इकडून तिकडे डुलत असेल तर तो तिथेच परत करा, रस्त्यावर त्याचं आयुष्य फार नसतं. रबर चिरलेलं नाही ना, कॅसल नट (वर खाचा असलेला) आणि त्याला फिरू न देणारी कॉटर पिन डब्यात आहेत ना, हेही तिथेच पाहायचं.

हत्यारांत १७ आणि १९चे पाने (गाडीनुसार २२ लागू शकतो), गोट्या (सॉकेट), पक्कड, गंज सैल करणारा स्प्रे, वायर ब्रश, मोजपट्टी, पांढरा मार्कर, टॉर्क पाना (ठरावीक जोराने आवळणारा) आणि बॉल जॉइंट पुलर (सांधा ताण देऊन सोडवणारा). दोन दातांच्या काट्यासारखी पाचर विकत मिळते, ती ठोकून एंड निघतो खरा, पण रबर हमखास फाटतं. जुना एंड फेकायचाच असेल तर चालते. शेजारचा बॉल जॉइंट वाचवायचा असेल तर नको.

एक बाजू ढिली आणि दुसरी घट्ट असेल तर एकच बदलला तरी चालतो. जोडी बदलण्याचा आग्रह दुकानदाराचा असतो. पण दोन्ही मूळचे असतील आणि गाडी ७०-८० हजार चाललेली असेल, तर जोडी बदलणं शहाणपणाचं. त्यामागचं कारण अलाइनमेंट. ती दोनदा करावी लागत नाही.

बदलताना

१. आदल्या रात्री चेक नटावर (टाय रॉडवर एंडला जागेवर पकडून ठेवणारा नट) आणि नॅकलमधून बाहेर आलेल्या आट्यांवर स्प्रे मारून ठेवा. पुण्यात गंज मुंबईइतका नसतो, पण दहा वर्षांच्या गाडीचा चेक नट फुकट हलत नाही.

२. चाक काढा, गाडी स्टँडवर टेका. आटे वायर ब्रशने घासून घ्या.

३. आता मोजमाप. घाई करू नये अशी हीच एक पायरी आहे. टाय रॉडवर, भात्यापासून दूर, मार्करने एक रेघ मारा आणि त्या रेघेपासून एंडच्या स्टडच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. बरेच जण फक्त फेरे मोजतात. फेरे मोजाच, पण त्यावरच विसंबू नका. वेगळ्या कंपनीच्या एंडची लांबी दोन-तीन मिलिमीटर कमी-जास्त असते आणि मग फेरे बरोबर येऊनही चाक तिरकं बसतं. दांड्याचा आटा दीड मिलिमीटरचा धरला तर एका पूर्ण फेऱ्यात चाकाचा कोन अर्धा ते पाऊण अंश बदलतो. टायरच्या पुढच्या आणि मागच्या कडेत तोच फरक पाच ते सात मिलिमीटरचा होतो. इतक्यात टायर खाल्ला जातो.

४. दांडा एका पान्याने धरून चेक नट मोकळा करा, पण पाव ते अर्ध्या फेऱ्यापेक्षा जास्त मागे घेऊ नका. तो जागेवर राहिला तर खुणेचं काम करतो. नट सुटायच्या आत दांडा फिरायला लागला तर थांबा आणि दांडा घट्ट धरा, नाहीतर आतला रॅक एंड आणि भाता दोन्ही पिळले जातात.

५. कॉटर पिन सरळ करून ओढून काढा, ती पुन्हा वापरायची नाही. कॅसल नट सैल करून चार-पाच आट्यांवर ठेवा, पूर्ण काढू नका. सांधा एकदम सुटला तर नट त्याला पकडतो आणि आटेही वाचतात.

६. पुलर लावून ताण द्या. तेवढ्याने निघाला नाही तर ताण तसाच ठेवून नॅकलच्या कानावर, म्हणजे स्टड ज्या भोकात बसतो त्याच्या बाजूवर, हातोडीचे दोन-तीन नेमके ठोके द्या. समोरच्या बाजूला दुसरी जड हातोडी टेकवून धरली तर अजून सोपं. निमुळता स्टड भोकात दाबून बसलेला असतो, बाजूच्या ठोक्याने भोक क्षणभर आकार बदलतं आणि तो सुटतो. स्टडच्या टोकावर खालून ठोकू नका. टोक फुलतं, नट निघत नाही, आणि साध्या कामाचं ग्राइंडरचं काम होतं. नॅकल अॅल्युमिनियमचा असेल तर हातोडी नकोच, फक्त पुलर.

७. जुना एंड फेरे मोजत काढा. दांड्याचे आटे पुसा, किंचित ग्रीस लावा. नॅकलचं निमुळतं भोक मात्र कोरडं आणि स्वच्छ पाहिजे. तिथे ग्रीस लागलं तर स्टड आवळताना गरजेपेक्षा आत शिरतो.

८. नवा एंड फिरवून रेघेपासूनचं अंतर जुळवा. स्टड भोकात बसवून नट आवळा. स्टड नटासोबतच फिरत असेल तर एंडवर भोकाच्या दिशेने हलका दाब द्या, निमुळता भाग पकड घेतो. हा नट किती आवळायचा ते गाडीगणिक बदलतं. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या.

९. पिनचं भोक नटाच्या खाचेशी जुळलं नाही तर नट थोडा आणखी आवळून जुळवा. मागे कधीच फिरवू नका. सैल केलेल्या निमुळत्या सांध्याला प्रत्येक खड्ड्यात सूक्ष्म हालचाल मिळते, भोक अंडाकृती होतं आणि मग एंडबरोबर नॅकलही बदलावा लागतो. नवी पिन घालून दोन्ही पाय वाकवा. कॅसल नटाऐवजी नायलॉनवाला नट असेल तर तोही दर वेळी नवाच.

१०. एंड हाताने धरून, तो आपल्या झुलण्याच्या मध्यावर आहे हे पाहून चेक नट आवळा. आवळताना एंड एका बाजूला कलला तर पूर्ण वळणावर सांधा अडतो आणि रबर फाटतं.

चाक लावून गाडी खाली घ्या, व्हील नट आडवे-उभे असे समोरासमोर आवळा, आणि पुन्हा तीच बोटाची तपासणी करा.

अलाइनमेंट, आणि परत परत बिघडण्याचं खरं मूळ

कितीही अचूक मोजलं तरी टो, म्हणजे पुढची चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते, तपासल्याशिवाय काम पूर्ण होत नाही. गाडी हळू, जवळच्या अलाइनमेंटवाल्याकडे न्या. कात्रजचा घाट किंवा हायवे त्या दिवशी नको. आधीचे आणि नंतरचे आकडे कागदावर मागा.

तिथे उभे राहा आणि एक गोष्ट स्वतः बघा. टो जुळवायला टाय रॉड फिरवावा लागतो, आणि रॅकच्या भात्याचं बाहेरचं तोंड दांड्याला घट्ट बसलेलं असतं. त्याची क्लिप सैल न करता दांडा फिरवला की भाता पिळला जातो. त्या पिळावर घडीच्या रेषेत तो काही महिन्यांत चिरतो. चिरेतून पावसाचं पाणी आत, रॅक एंड गंजतो, रॅकच्या दांड्यावर गंजाचे ठिपके पडतात, आणि पुढच्या दिवाळीला पुन्हा खडखड. मग कुणीतरी पुन्हा बाहेरचा एंड बदलतं. क्लिप आधी सैल करायला सांगा. काम झाल्यावर भात्याच्या घड्या सरळ गोल आहेत की तिरक्या, हे टॉर्चने पाहा. तिरक्या असतील तर गाडी खाली घेऊ देऊ नका.

ईएसपी (गाडी घसरू न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) असलेल्या गाडीत अलाइनमेंटनंतर स्टिअरिंग अँगल सेन्सर शून्यावर आणावा लागू शकतो. डॅशबोर्डवर दिवा लागला तर स्कॅनर असलेल्याकडेच जा.

इथे हात थांबवायचा

सांधा वर-खाली उघड हलतोय, किंवा स्टड निसटायच्या बेतात दिसतोय, तर गाडी शंभर मीटरसुद्धा चालवू नका. टो ट्रक बोलवा, चाकं वर उचलून नेणारी. रस्त्यात एंड सुटला तर एक चाक स्वतःच्या मर्जीने वळतं, आणि ते तुमच्या हातात राहत नाही.

दांड्याचे आटे खराब झाले किंवा दांडा वाकलेला दिसला, तर तो सरळ करून घेऊ नका, ठोकून सरळ केलेल्या लोखंडावर स्टिअरिंग सोपवायचं नसतं. गाडी दुभाजकाला किंवा खोल खड्ड्यात जोरात आदळलेली असेल तर एंड बदलून अलाइनमेंट जुळत नाही, कारण लोअर आर्म किंवा सबफ्रेम सरकलेली असू शकते. रॅक एंडला खास पाना आणि रॅक धरून ठेवण्याची पद्धत लागते, चुकीच्या पकडीने रॅकचा दांडा ओरखडला की पूर्ण रॅकचा हजारोंचा खर्च समोर येतो. गंजलेला नट गॅसने तापवायचा मोह होतो, पण शेजारी भाता, बॉल जॉइंटचं रबर आणि ब्रेकचा होज असतो. आणि कॉलम किंवा स्टिअरिंग व्हील उघडायची वेळ आली तर तिथे एअरबॅग आहे, ते काम वर्कशॉपचंच.

सगळं ठीक झालं तर चेक नटावरून टाय रॉडवर जाणारी मार्करची एक सलग रेघ मारून ठेवा. शंभरेक किलोमीटर झाल्यावर व्हील नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा आणि त्याच वेळी चाक वळवून ही रेघ बघा. तुटलेली दिसली तर चेक नट सरकलाय: आवळायचा, आणि अलाइनमेंटवाल्याकडे परत जायचं.